एक सेकंद भार, नऊ सेकंद मोकळीक

टँकरच्या चलनावर सगळं बरोबर असतं.
ग्रेड, बॅच, शिक्का, आणि सहीच्या जागी
कुणीतरी घाईत ओढलेला साप.

माझी प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याचं शेड,
गंगाखेड रस्त्याला, खडी क्रशरच्या पलीकडे.
कूलर डांबरासाठी मंजूर झालाय.
मला त्याची झुळूक लागते ती फुकट.

लिंबाजीमामा खंदारे इथे माझ्या जन्माआधीपासून.
ते डांबराची गोळी अंगठ्यात-तर्जनीत वळतात,
तार ओढतात, हुंगतात, बाजूला ठेवतात.
"ह्याच्यात जीव न्हाई, म्याडम."
अहवालात जीव नावाचा रकाना नाही.

मी सुई सोडते. शंभर ग्रॅम, पाच सेकंद,
पंचवीस अंश.
पंचवीस अंश परभणीत असतं
जानेवारीत, सकाळी दहाच्या सुमाराला,
एका चहापुरतं.
तेवढ्यात सुई जितकी रुतली
तेवढ्या भरवशावर आपण रस्ता
उन्हाळ्याच्या ताब्यात देतो.

सोनपेठ फाट्याचं वळण बघितलंय का?
कारखान्याच्या काट्यासाठी तिथे रांग लागते.
एकेका ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या;
पुढचा हलला की हातभर सरकायचं,
मग बीडी पेटवून पुन्हा उभं.
मार्चअखेर, दुपारी अडीचला
मी त्या रस्त्यात तापमापक खुपसला. एकसष्ट.
कागदावरची गाडी ऐंशीच्या वेगाने निघून जाते.
इथली गाडी रस्त्यावर
बसून राहते, पाहुण्यासारखी.

चाकोरी हा शब्द मी शाळेत निबंधात वापरला होता.
चाकोरीबाहेर जगावं, असं काहीतरी,
दहापैकी आठ मार्क.
फाट्यावर तीच चाकोरी पट्टी लावून मोजली:
बावीस मिलिमीटर.
मामा म्हणाले, "ह्याच्यात तर पोरं गोट्या खेळतेत."

कोटलवार साहेबांनी फाइल चाळली.
"चाचणी पास, रस्ता नापास. मग दोष कुणाचा?
पावसाचा लिहा."
पावसाला अजून अडीच महिने होते.

नवं यंत्र आलं तेव्हा मामांनी त्याला हळद-कुंकू लावलं.
दोन चकत्या, मध्ये मिलिमीटरभर डांबर.
वरची चकती एक सेकंद पीळ देते,
मग नऊ सेकंद सोडून देते.
नऊ सेकंदांत डांबराने मागे यायचं,
जमेल तेवढं. पुन्हा पीळ. दहा वेळा.
हे मामांना सांगितलं तर बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "नऊ सेकंद? लई झाले की.
आमाला कुणी दोन दिले न्हाईत."

पास झालेलं डांबर चार टक्के मागे आलं.
चार.
उरलेले शहाण्णव फाट्यावर पडलेत,
ट्रॉलीच्या चाकांच्या रुंदीएवढे.

मग दुसऱ्या कंपनीचा नमुना मागवला, रबर मिसळलेला.
आधी म्हातारा करायला घेतला:
दाबाचं भांडं, गरम हवा, वीस तास,
म्हणजे रस्त्यावरची सात-आठ वर्षं.
सतराव्या तासाला वीज गेली.
डांबर सहा-साडेसहा वर्षांचं होऊन अंधारात थांबलं.
जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं;
डिझेलचा रकाना होता, त्यात 'पुरेसे' लिहिलेलं.

मोबाइलच्या उजेडात मी अहवाल काढला.
पास किंवा नापास, एकावर काट मारायची असते.
मी कुठेच मारली नाही. समासात लिहिलं:
जागा, वळण. भार, उसाच्या दोन ट्रॉल्या.
वेग, म्हाताऱ्या माणसाच्या चालीचा.
तापमान, एकसष्ट, स्वतः मोजलेलं.
ह्या रस्त्याला ह्या रस्त्याची परीक्षा द्यावी.
सही सावकाश केली. आसावरी, पूर्ण आडनावासकट.

मामांनी डब्यात उरलेल्या नमुन्यावर अंगठा दाबला.
एक. उचलला.
दोघं ठशावर वाकलो. मी मोजत होते.
सहाला काही नाही.
सातला कड हलल्यासारखी वाटली.
"यायलंय का माघारी?"
"थांबा मामा," मी म्हटलं, "लाइट येऊ द्या."